नवरा रोज दारू पितो, आम्ही कॅथलिक आहोत. फादरांसमोर शपथ घ्यायला लावली तर सुटेल का? आणि एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) आपल्याला चालतं का?

शपथेचं आधी सांगते. नको. निदान आत्ता तरी अजिबात नको.

तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय की सकाळी हात थरथरतात म्हणून ते उठल्याउठल्या थोडी घेतात. तेवढं वाचूनच लिहायला बसले, कारण आमच्या दादाचं डिट्टो हेच होतं आणि घरात कुणी त्याला आजार म्हणत नव्हतं. सवय म्हणायचे, संगत म्हणायचे, आणि आत्या म्हणायची की पोराने मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सोडली म्हणून हे भोग. खरं तर दारू आधी लागली आणि मिस्सा नंतर सुटली, पण आत्याला क्रम कोण सांगणार. वडिलांची थोरली बहीण, घरात शेवटचा शब्द तिचा.

तर आत्या त्याला एका रिट्रीटला (काही दिवसांच्या प्रार्थना-शिबिराला) घेऊन गेली, सोबत म्हणून मलाही. पहिल्याच रात्री आराधनेच्या वेळी दादाने सगळ्यांसमोर बायबलवर हात ठेवून शपथ घेतली की आजपासून एक थेंब नाही. लोक नंतर म्हणाले नाटक होतं. नव्हतं. मी मागच्याच बाकावर होते, ढसाढसा रडत होता तो. आणि त्याने शपथ पाळली हो, पाळली म्हणूनच तर सगळं झालं. रात्रभर झोप नाही, सकाळी घामाने शर्ट चिंब, पाण्याचा ग्लास हातात धरवेना. आजूबाजूचे म्हणे पाप बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. दुपारी प्रवचन चालू असताना खुर्चीवरून खाली कोसळला आणि फिट आली, तोंडाला फेस, डोळे वर. मी गाडी गाडी म्हणून ओरडतेय आणि आत्या आणि अजून दोघीजणी त्याच्या डोक्यावर हात ठेवून सैतानाला हाकलतायत! गेटवर आमचं जे भांडण झालं ते अख्ख्या रिट्रीटने ऐकलं असेल. मी त्याला हॉस्पिटलला नेलाच. तिथे डॉक्टरांचा पहिला प्रश्न, शेवटचा पेग कधी घेतला. इंजेक्शन, सलाइन, बी-१ व्हिटॅमिन, सगळं सुरू झालं तरी पुढच्या रात्री तो भिंतीवरचे किडे वेचत होता आणि वारलेल्या आजीशी गप्पा मारत होता.

याच्यात चमत्कार नाही की सैतान नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की मेंदू बिथरतो. फिट साधारण ६ ते ४८ तासांत येते, भास आणि बरळणं बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, आणि त्यात माणूस जाऊ शकतो. सकाळचे थरथरते हात म्हणजे याचीच पहिली सूचना. म्हणून आधी डॉक्टर, डिटॉक्स (डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू बंद करणं), मग फादर. आणि डॉक्टर भेटेपर्यंत त्यांची बाटली एकदम काढून घेऊ नका, ऐकायला कसंही वाटू दे.

आता खरी गोष्ट. दादा बरा होऊन घरी आला, आणि काही महिन्यांनी आत्याने त्याच रिट्रीटमध्ये माईकवर साक्ष दिली. शपथ सांगितली, प्रार्थना सांगितली, सैतान कसा फेस काढत निघून गेला ते सांगितलं. हॉस्पिटलचा एक शब्द नाही! टाळ्या पडल्या. त्या हॉलमध्ये कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी मुलगा असाच थरथरत्या हाताचा बसला असेल ना, त्याच्या घरच्यांनी काय धडा घेतला असेल? साक्षीत डॉक्टर आला असता तर देवाचं काय कमी होणार होतं? हे मी तिला विचारलं तर म्हणाली तुझा विश्वास कमी आहे. आजही लग्नकार्यात भेटलो की हाच विषय.

तिचा हुकमी एक्का म्हणजे मॅट टॅल्बट. डब्लिनचा मजूर, बाराव्या वर्षापासून पिणारा, १८८४ साली शपथ घेतली आणि १९२५ मध्ये मरेपर्यंत थेंब नाही. १९७५ मध्ये चर्चने त्याला पूज्य (संतपदाच्या वाटेवरची एक पायरी) घोषित केलं. "तो कुठे एएला गेला होता?" असं आत्या विचारते. अगं, एए सुरूच झालं १९३५ साली, जाणार कुठे तो! आणि त्याची गोष्ट नीट वाचली तर दिसतं की पहिली शपथ जन्मभराची नव्हतीच, तीन महिन्यांची होती. मग त्याने दिवसच बदलला, कामाआधी पहाटे मिस्सा, खिशात पैसे ठेवणं बंद, दारूसाठी केलेली उधारी फेडली. एका गरीब व्हायोलिनवाल्याचं व्हायोलिन त्याने आणि मित्रांनी चोरून दारूसाठी विकलं होतं, त्या माणसाला तो शोधत फिरला, सापडला नाही तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा सांगितल्या. एएच्या बारा पायऱ्यांमधली आठवी नववी दुसरं काय सांगते? ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करा आणि जमेल तिथे भरपाई करा. एएच्या आधी पन्नासेक वर्षं तो तेच करत होता.

एए चालतं का, तर हो, चालतं. ते कॅथलिकांनी काढलेलं नाही हे आत्याचं म्हणणं खरं आहे, ते सुरू करणारे बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब दोघे ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या प्रोटेस्टंट वळणाच्या चळवळीतून आले. पण अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये १९३९ साली डॉक्टर बॉबबरोबर दारुड्यांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली ती सिस्टर इग्नेशिया या नन बाईंनी, बाकीची हॉस्पिटलं दारात उभं करत नव्हती तेव्हा. पेशंट घरी जाताना त्या येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला हातात द्यायच्या आणि सांगायच्या, पुन्हा प्यावीशी वाटली तर आधी हा परत आणून द्या, मग प्या. शपथ म्हणायची तर हिला म्हणा, कारण आधी उपचार होते आणि मागे एक माणूस उभा होता. फादर डाउलिंग नावाचे जेझुइट (संत इग्नेशियसने काढलेल्या संघाचे धर्मगुरू) १९४० च्या शेवटी बिल विल्सनला मुद्दाम जाऊन भेटले, कारण बारा पायऱ्या त्यांना संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेसारख्या वाटल्या. "आपल्याला समजेल तसा देव" असं एएमध्ये म्हणतात त्यावर आत्या भडकते. ते ज्यांना देव माहीत नाही त्यांच्यासाठी उघडं ठेवलेलं दार आहे, दादाला विचारा त्याचा देव कोण, तो सरळ येशू म्हणतो, मीटिंगमध्ये कुणी अडवलं नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. पाचव्या पायरीत आपल्या चुका दुसऱ्या माणसाला सांगायच्या असतात, ते कन्फेशन (फादरांसमोर पापांची कबुली) नव्हे. स्पॉन्सर (एएमधला जुना सदस्य, जो नव्याला सोबत करतो) पापक्षमा देऊ शकत नाही, आणि फादर रात्री दीड वाजता फोन उचलून "प्यावीशी वाटतेय" हे ऐकतीलच असं नाही, म्हणून दोन्ही लागतं. स्पॉन्सरवर कन्फेशनसारखं गुप्ततेचं बंधनही नाही, तेव्हा पोलीस-कोर्टाची भानगड निघेल असं काही असेल तर ते फादरांनाच सांगावं.

पुन्हा प्यायले तर? बरेच जण पितात. दादाही घसरला एकदा, आणि आत्याने त्याला सांगितलं की आता कोणत्या तोंडाने कम्युनियनच्या (मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या) रांगेत उभा राहतोस. झालं, तो चर्चच्या पायरीपर्यंतही येईना. मला तेव्हा संत मार्क जी तियानशियांग माहीत असते तर बरं झालं असतं. चीनमधले डॉक्टर, पोटदुखीवर घेतलेल्या अफूचं व्यसन लागलं, कन्फेशनला परत परत तेच पाप, शेवटी तुझा पश्चात्ताप खरा नाही म्हणून त्यांना संस्कार नाकारले, ते जवळजवळ तीस वर्षं. अफू सुटली नाही, मिस्साही सोडली नाही त्यांनी. १९०० मध्ये परदेशी आणि ख्रिस्ती लोकांविरुद्धच्या बॉक्सर बंडात श्रद्धा नाकारायला सांगितलं तर नाही म्हणाले, आणि घरच्या कुणाला एकट्याने मरावं लागू नये म्हणून मला शेवटी मारा अशी विनंती केली. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत घोषित केलं. व्यसन न सुटलेला माणूस संत! आत्याला हे सांगितलं तर म्हणाली तो अपवाद. सवयीमुळे, मानसिक कारणांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते हे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकातच आहे, कलम १७३५, ते काय अपवादासाठी लिहिलंय का? अर्थात ही पिण्याची परवानगी नाही, घसरलं की कन्फेशनला जायचं आणि कम्युनियनचं फादरांशी बोलायचं, घरच्यांनी रांगेत उभं राहून निकाल द्यायचा नाही इतकंच.

डॉक्टर डायसल्फिराम ही दारू सोडवायची गोळी देतील कदाचित. ते चालू असताना दारू पोटात गेली की उलट्या, धडधड, बीपी खाली, जिवावर बेतू शकतं. तेव्हा मिस्सेत कपातला द्राक्षारस घ्यायचा नाही, फक्त ख्रिस्तशरीर घ्यायचं, एका रूपातही ख्रिस्त पूर्ण असतो त्यामुळे काही कमी पडत नाही. खोकल्याची औषधंही बघून घ्या. आणि काही बायका ही गोळी नवऱ्याला जेवणातून लपवून देतात, तसलं करू नका, फार धोक्याचं आहे.

हां, रिट्रीट वाईट असं म्हणत नाहीये मी. स्वतः जाते. डिटॉक्स झाल्यावर दादालाही एका चांगल्या रिट्रीटचा खूप उपयोग झाला, तिथल्या फादरांनी आधी विचारलं गोळ्या चालू आहेत ना, त्या बंद करू नकोस. असं विचारणारे फादर मिळाले तर नक्की पाठवा.

नवरा तयार होत नसेल तर तुम्ही एकट्या अल-अनॉनला जा, ते पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच आहे, १९५१ पासून. तिथे जायला नवऱ्याची परवानगी लागत नाही, आणि सासू किंवा आत्या असेल तर तिचीही नाही. हात उचलत असतील तर मात्र मुलांना घेऊन आधी सुरक्षित जागी जा, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) तिथून करता येते.