जाताना इतकं भाडं आणि येताना निम्मं, असं का?

प्रश्न : कुडाळला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, माल पुण्याहून येतो. पुणे-कुडाळ दहाचाकी ट्रकचं जे भाडं सांगतात त्याच्या निम्म्यात तीच गाडी कुडाळहून पुण्याला यायला तयार असते. रस्ता तोच, किलोमीटर तेवढेच. मग आम्हाला लुटतात का?

लुटत नाहीत हो दादा, तुम्ही किलोमीटर मोजताय आणि गाडीवाला मोजतोय की कुडाळला माल उतरवल्यावर पुढे काय. अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर धरा. भरलेली दहाचाकी लिटरला चारच्या आसपास देते, घाटात त्याहून कमी, म्हणजे जाताना ८८ लिटर, नव्वदचा भाव धरला तर सात हजार नऊशेचं डिझेल. रिकामी परत आली तर पाचचं ॲव्हरेज धरून सत्तर लिटर, ते झाले सहा हजार तीनशे. हे सहा हजार तीनशे कोण देणार? अर्थात तुम्हीच, जातानाच्या भाड्यात. टोल, ड्रायव्हरचा भत्ता, गाडीच्या कर्जाचा हप्ता वेगळाच. आता परतीला कोणी अर्ध्या भाड्यात जरी माल दिला तरी त्याला तो वरकड पैसा वाटतो कारण येणं तर होतंच, म्हणून तो हो म्हणतो.

सिंधुदुर्गात माल येतो भरपूर, जातो कमी. फक्त एप्रिल-मेमध्ये हे उलटं होतं, हापूस वाशीला आणि पुण्याला निघतो तेव्हा परतीचा माल नक्की असतो, मग कोकणात उतरायला गाड्या पटापट तयार होतात. तुमचा न खराब होणारा माल, सिमेंटचे पत्रे, पाइप, टाक्या, असलं काही असेल तर पावसाळ्यापुरता साठा मेमध्येच भरून ठेवा, गोडाऊनला जागा असली तर. आणि गणपतीच्या आधी तर मागवूच नका. मुंबई-गोवा हायवेवर त्या दिवसांत अवजड गाड्यांना बंदी लागते, तुमच्या गाड्या पुण्याहून घाटाने येत असल्या तरी मुंबईकडचा अडकलेला माल मग याच बाजूने वळतो आणि भाव चढतोच.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) चेन्नईला पाठवतो. महिन्याच्या १२ तारखेला ट्रान्सपोर्टवाल्याने एक भाव दिला, २९ ला गाडी मागितली तर बराच वाढवून सांगितला. डिझेल तर एक रुपयाने वाढलं नव्हतं. याला काय म्हणायचं?

ताई, डिझेलचा यात संबंधच नाही. १६ जून २०१७ पासून देशभर पंपावरचा भाव रोज ठरवायची पद्धत आली खरी, पण गेल्या काही वर्षांत तो महिनोन्महिने जागचा हललेला नाही आणि भाडं मात्र रोज हलतंय. हलवतो तो गाड्यांचा तुटवडा.

तुमच्यासारख्या सगळ्यांनाच महिनाअखेरीला बिलिंग पूर्ण करायचं असतं. २८ ते ३१ ला चाकण, शिरोली, वाळूज सगळीकडून एकदमच फोन सुटतात, गाड्या मात्र तेवढ्याच. मार्चअखेरीला तर विचारू नका. मग १ ते ५ तारखेला त्याच गाड्या पार्किंगला उभ्या, ड्रायव्हर स्वयंपाक करतायत, दलाल स्वतःहून फोन करतोय की मॅडम काही माल आहे का. दिवाळी-छठ आणि होळीला उत्तर भारतातले ड्रायव्हर गावी जातात, तेव्हा गाडी असूनही चालवायला माणूस नसतो, हा तुटवडा आठ-दहा दिवस सहज चालतो.

एक करा, गिऱ्हाइकाशी बोलून निम्मा माल तरी १० ते २० तारखेत पाठवायची सोय बघा. आणि भाव विचारताना "कधीपर्यंत चालेल हा भाव" हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी भाव म्हणजे त्या संध्याकाळपुरता. दुसरं, तुमच्या गेटवर गाडी किती वेळ उभी राहते ते बघा. सकाळी नऊला लावलेली गाडी रात्री भरून निघत असेल तर ट्रान्सपोर्टवाला त्या खोळंब्याचे पैसे कुठे लिहून दाखवत नाही, पुढच्या भाड्यात घालतो. भाड्याची उरलेली रक्कम पोचपावती आल्यावरही दोन महिने लटकवत असाल तर तेही त्यातच. (बऱ्याच मालकांना हे सांगितलं की राग येतो.)

प्रश्न : आमच्या फोमच्या गाद्या जेमतेम दोन टन भरतात, तरी ३२ फुटी कंटेनरचं पूर्ण भाडं घेतात. टनावर का नाही घेत?

कारण तुमच्या दोन टनांनी त्याची गाडी भरली, त्यात आता पिनसुद्धा मावत नाही. वजनाच्या मालाला टनाचा भाव, फुगीर मालाला पूर्ण गाडीचा. तुम्ही फक्त ३२ फुटी सिंगल ॲक्सल (मागे चाकांचा एकच आस असलेला) मागायचा, तो सात टनांच्या आसपास घेतो. मल्टी ॲक्सल (मागे एकाहून जास्त आस) पंधरा टनांच्या आसपास घेतो आणि महाग पडतो, लांबी मात्र तीच, तेव्हा तुमच्या गाद्यांना त्याचा काही उपयोग नाही. दलाल जी गाडी मोकळी असेल ती गळ्यात मारतो, म्हणून फोनवर ॲक्सल स्पष्ट बोला. ओपन बॉडी स्वस्त मिळेल, उन्हाळ्यात ताडपत्री टाकून चालेलही, पण जुलैत गाद्या ओल्या पोचल्या की वाचलेलं भाडं व्याजासकट गेलं.

प्रश्न : दुधाच्या टँकरचं भाडं साध्या ट्रकच्या मानाने इतकं जास्त का?

दूध सोडून परतताना टँकरमध्ये दुसरं काय भरणार? जाणं-येणं दोन्हींचं भाडं एकाच बाजूने वसूल करावं लागतं. मोटारी वाहणाऱ्या लांब गाड्यांचं बरचसं असंच. रीफरचं, म्हणजे थंडाव्याच्या बंद गाडीचं, थोडं वेगळं, परतीला साधा माल मिळू शकतो, पण थंडाव्याचं यंत्र वेगळं डिझेल खातं आणि जानेवारी ते एप्रिल नाशिककडे द्राक्षाची घाई असते तेव्हा रीफरवाला भावावर एक पैसा सोडत नाही. पावसाळ्यात तोच माणूस घासाघीस करायला बसतो. आइस्क्रीम, औषधं असं बारमाही काम असेल तर वर्षाचा करार त्याच्याशी जुलै-ऑगस्टमध्येच करा, फेब्रुवारीत तो तुमचा फोनसुद्धा उचलणार नाही.