वाचकांचे प्रश्न : जनुकाची जादा प्रत आणि लाल-हिरव्याचा घोळ

प्रश्न : माझा मुलगा रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला, परंतु वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांमधला आकडा त्याला वाचता आला नाही. लाल-हिरव्यातला भेद त्याला कळत नाही, असे निदान झाले. माझे वडीलही जांभळी नाक्याच्या बाजारात पिकलेले टोमॅटो निवडताना हमखास चुकत. डॉक्टर म्हणाले की, या दोन रंगांची जनुके म्हणजे मुळात एकाच जनुकाच्या दोन प्रती आहेत. नक्कल करताना झालेल्या चुकीतून नवा रंग कसा दिसू लागतो? आणि हे मुलाकडे माझ्याकडून गेले का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : आपल्या मनाला लागलेला प्रश्न दुसरा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. होय, हे आपल्याकडूनच गेले, पण त्यात आपला काडीचाही दोष नाही. लाल आणि हिरव्या रंगांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. आपल्या वडिलांकडे ते गुणसूत्र एकच होते आणि ते लेकीला मिळणे अटळ होते. आपल्याकडे आईचे दुसरे एक्स असल्याने आपली नजर शाबूत राहिली. मुलाला या दोहोंपैकी कोणते मिळावे, हे नाणे उडवण्यासारखेच असते.

आता नकलेविषयी. सुमारे तीन ते चार कोटी वर्षांपूर्वी, आशिया-आफ्रिकेतील माकडांच्या आणि आपल्या समान पूर्वजांत, एक्स गुणसूत्रावरील या एकुलत्या जनुकाची प्रत तयार झाली आणि ती मूळ जनुकाच्या शेजारीच बसली. जनुक एकच असते तेव्हा त्यात बिघाड करणारा बदल त्या प्राण्याला महागात पडतो आणि पिढ्यांच्या ओघात पुसला जातो. प्रती दोन झाल्या की एक जुने काम सांभाळते आणि दुसरीला बदलण्याची मोकळीक मिळते. उत्क्रांतीत नवे गुण येण्याचा हा राजमार्ग आहे, असे जपानी वंशाचे शास्त्रज्ञ सुसुमू ओनो यांनी १९७० साली आग्रहाने मांडले. डोळ्यातील या दोन प्रतींची तुलना केली, तर प्रत्येकीपासून बनणाऱ्या प्रथिनात ३६४ अमिनो आम्ले (प्रथिनाचे घटक) असून फरक केवळ पंधराएक ठिकाणी आढळतो. त्यांतही तीन ठिकाणचे बदलच मुख्यत्वे कारणीभूत ठरून एक प्रथिन साधारण ५३० नॅनोमीटरच्या, तर दुसरे ५६० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. एवढ्याशा अंतरावर आपला लाल-हिरव्यातला सगळा भेद उभा आहे.

येऊरच्या जंगलात वसंतात कुसुंबाला तांबडीलाल पालवी फुटते, तेव्हा तिथल्या माकडांना ती हिरव्या पानांतून वेगळी ओळखता येते, कारण हीच जोडी त्यांच्याकडेही आहे. कोवळी पालवी आणि पिकलेली फळे हेरता येणे, हाच या जोडीचा मोठा फायदा असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. अमेरिका खंडातील बहुतेक माकडांत ही नक्कल झालीच नाही, त्यामुळे तिथल्या नरांना लाल-हिरव्याचा फरक आपल्या मुलासारखाच कळत नाही.

मग माणसात ही जोडी का बिघडते? दोन्ही प्रती लागून आहेत आणि अजून जवळजवळ सारख्या आहेत, म्हणून. आईच्या शरीरात बीजांड तयार होताना तिची दोन एक्स गुणसूत्रे एकमेकांशी जुळतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. त्या वेळी एकावरचे लाल जनुक दुसऱ्यावरच्या हिरव्यासमोर आले, तर एका गुणसूत्रात एक प्रत कमी पडते, दुसऱ्यात एक जादा होते किंवा अर्धे लाल, अर्धे हिरवे असे संकरित जनुक तयार होते. आपल्या घराण्यात पूर्वी कधीतरी असेच काही घडले असण्याची शक्यता मोठी आहे. रंगांधळेपणाविषयी १७९४ साली स्वतःवरूनच निबंध वाचणारे रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन १८४४ मध्ये वारले. त्यांच्या जतन केलेल्या डोळ्यातील डीएनए १९९५ मध्ये तपासला, तेव्हा त्यात हिरव्याचे जनुक नव्हतेच.

प्रश्न : ज्या प्रतींचा काहीच उपयोग होत नाही, त्यांचे पुढे काय होते?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : बहुसंख्य प्रती मरतात. बदल साचत जाऊन त्या निकामी होतात आणि गुणसूत्रात नुसते अवशेष म्हणून उरतात. माणसात वास ओळखणारी सुमारे ४०० जनुके चालू आहेत आणि जवळपास तेवढीच मोडकळीला आलेली आहेत. काही प्रती मात्र कामाची वाटणी होऊन टिकतात, आणि मला हा प्रकार सर्वांत विलक्षण वाटतो. मूळ जनुक दोन कामे करत असेल आणि प्रत्येक प्रतीने त्यांतले वेगवेगळे काम गमावले, तर नवे काहीही न कमावता दोन्ही प्रती अपरिहार्य होऊन बसतात. हिमोग्लोबिनच्या जनुकांत वाटणी वयानुसार दिसते. गर्भात एक प्रत चालू असते आणि तिच्यामुळे बाळाचे रक्त आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेऊ शकते. जन्मानंतर ती प्रत हळूहळू निजते आणि तिची बहीण काम हाती घेते. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ही बहीण बिघडलेली असते, पण निजलेली प्रत धडधाकट असते. तिला पुन्हा जागे करणाऱ्या जनुक-संपादन उपचाराला ब्रिटनमध्ये २०२३ साली मान्यता मिळाली.