‘सिक’ आणि ‘फिट’ यांच्या मधलं काम

प्रिय बाळा,

पोलीस रुग्णालयात नर्स म्हणून रुजू झाल्याचं कळवलंस, वाचून बरं वाटलं. पण पुढच्याच ओळीत तू लिहिलंस, ‘इथे आयसीयू नाही, अपघाताच्या केसेस नाहीत, दिवसभर बीपी आणि सर्टिफिकिटं. शिकलेलं सगळं गंजून जाईल.’ त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, म्हणून हे लांबलचक पत्र.

सिव्हिलच्या वॉर्डात माणूस आजारी पडून येतो. तुझ्याकडे येणारा बहुतेक वेळा कागदासाठी येतो. त्याला ‘सिक’, म्हणजे आजारी असल्याचं सर्टिफिकीट हवं असतं, किंवा ‘फिट’, म्हणजे कामाला तंदुरुस्त असल्याचं हवं असतं. सिक मागणाऱ्याला कधी कधी काहीच झालेलं नसतं. आणि फिट मागणाऱ्याला पुष्कळदा बरंच काही झालेलं असतं, पण प्रमोशनचा कोर्स तोंडावर आलेला असतो, किंवा चांगली नेमणूक हातची जाईल अशी धास्ती असते. खरा आजार या दोन कागदांच्या मधे लपलेला असतो. तो बाहेर काढणं हे तुझं काम. त्याला आयसीयूपेक्षा कमी कसब लागत नाही, असं मी पूर्ण विचार करून सांगते.

खोटं सिक मागणाऱ्यावर चिडू नकोस. हक्काची रजा मागून मिळत नाही, तेव्हा माणूस पाठदुखी घेऊन येतो. एकाच पोलीस ठाण्यातून एका महिन्यात चार-पाच पाठी दुखायला लागल्या, तर ते टिपून ठेव. त्या ठाण्याच्या ड्युटी तक्त्यात काहीतरी बिघडलं आहे. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा रवींद्र पाटील या तिथल्याच अंमलदाराने मांडला होता आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. पुढे २०२२ मध्ये राज्यातल्या महिला अंमलदारांसाठी आठ तासांचा आदेश निघाला. कुठे किती पाळला जातो ते तुला ओपीडीत बसून कळेलच. मला एवढंच दाखवायचं आहे की आपल्या पेशंटचं सगळ्यात मोठं औषध ड्युटी तक्त्यात असतं, आणि ते मिळवायला नोंदी लागतात. नावं वगळून, ठाणेवार आणि ड्युटीवार आकडे ठेव. दर तीन महिन्यांनी ते डॉक्टरांपुढे ठेव. कोणी मागितले नाहीत तरी ठेव.

आता बीपी, ज्याचा तुला कंटाळा आला आहे. नाईट करून मोटारसायकलवरून थेट आलेल्या माणसाचं रांगेत उभ्या-उभ्या बीपी घेतलंस, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. पाच मिनिटं बसव. कमरेचा पट्टा सैल करायला सांग, पाय जमिनीवर टेकलेले, हात हृदयाच्या उंचीवर. त्या वेळात बोलू नकोस, त्यालाही बोलू देऊ नकोस. मिनिटभराच्या अंतराने दोनदा घे. आणि कफचं, म्हणजे बीपी मोजताना दंडाला गुंडाळायच्या पट्टीचं, माप बघ. कमावलेल्या किंवा सुटलेल्या जाड दंडावर लहान कफ बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं. मोठा कफ नसेल तर पहिलं मागणीपत्र त्याचं लिही. एवढं करूनही वेगवेगळ्या दिवशी १४०/९० च्या वर राहिलं, तर तो बत्तीस वर्षांचा आहे म्हणून सोडून देऊ नकोस.

कमर मोज. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ पासूनच सावध व्हायचं. टेप लावलेली आवडत नाही त्यांना, म्हणून मी आधी विचारायचे, भरती झालात तेव्हा पट्टा कितव्या भोकात बसायचा? तिथून गप्पा आपोआप सुरू होतात. ‘काय खाता’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी विचार, काल ड्युटी किती ते किती होती, झोपलात कधी, जेवलात कुठे. ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय ‘तेलकट खाऊ नका’ असं सांगणं म्हणजे त्या माणसाचा अपमान आहे. महिला अंमलदार असेल तर पाणी किती पिता हेही विचार. बंदोबस्ताच्या जागी संडास नसतो म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न प्यायलेल्या पोरी तुला भेटतील. लघवीच्या जळजळीवर तू गोळ्या देशील, पण फिरतं स्वच्छतागृह जिथे उभं राहायला हवं होतं, त्या जागेची नोंदही कर.

सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हण. कालच भरती झालेल्या वीस वर्षांच्या पोरालासुद्धा. दिवसभर त्याला वरचे सगळे अरेतुरे करत असतात.

आता ज्यावर तुझी खरी परीक्षा होईल ते लिहिते. एके दिवशी फोन येईल, ‘सिस्टर, आमच्या त्या हवालदाराला नक्की झालंय काय?’ विचारणारे अधिकारी असतील, बहुधा सज्जन असतील, काळजीनेच विचारत असतील. तरी आजाराचं नाव सांगायचं नाही. त्यांना कामापुरतं कळायला हवं: दोन महिने रात्रपाळी नको, सलग उभं राहायचा बंदोबस्त नको, अमुक तारखेला फेरतपासणी. डॉक्टरांच्या सहीने हे लेखी गेलं की ठाण्याचं काम अडत नाही. मानसिक आजाराबाबत तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २३ व्या कलमाने गोपनीयतेचा हक्कच दिला आहे. तो पाठ करून ठेव. फोनवर आवाज चढला की आधाराला उपयोगी पडतो.

पण गोपनीयता फुटते ती असल्या फोनमुळे क्वचितच. टेबलावर उघड्या पडलेल्या ओपीडी रजिस्टरमुळे फुटते. रांगेतल्या बॅचमेटला निदानाचा रकाना उलटा वाचता येतो. मानसोपचाराची चिठ्ठी हातात धरून पेशंट बाहेर पडतो आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या पोलीस लाइनीत बातमी जाते, कारण तुझा वॉर्डबॉय, कारकून आणि तो पेशंट एकाच लाइनीत राहतात. चिठ्ठी पाकिटात घालून दे. रजिस्टर झाकून ठेव. नाव पुकारताना विभागाचं नाव घेऊ नकोस.

याला एक अपवाद आहे, आणि तो तुला झोपेतही आठवायला हवा. आपल्या पेशंटच्या हाताशी पिस्तूल किंवा रायफल असते. झोप उडालेली, चिडचिड, दारू वाढलेली, ‘आता काही अर्थ नाही’ असं बोलणं, असं दिसलं तर आडवळणाने जाऊ नकोस. सरळ विचार, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एक क्षण एकटं सोडायचं नाही. त्याच वेळी डॉक्टर, आणि त्यांच्यामार्फत अधिकाऱ्यांना एकच वाक्य: आजपासून यांच्याकडे शस्त्र नको. कारण सांगायची गरज नाही. आणि हे कळवण्याआधी त्याला स्वतःला सांग की मी हे कळवते आहे. पाठीमागे केलंस तर तो पुन्हा तुझ्याकडे येणार नाही, त्याच्या ठाण्यातलं दुसरंही कोणी येणार नाही.

शस्त्र काढून घेतलेल्या माणसाला लोकांसमोर उतरल्यासारखं वाटतं. त्याला दुसरं कोणतं काम मिळालं, तिथे तो कसा आहे, हे आठवड्याभरात विचार. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या बायकोच्या मोबाइलमध्येही घालून दे. मराठीत बोलता येतं. आणि कोणी आत्महत्येचा प्रयत्न करून वाचला असेल, तर त्याच कायद्याचं ११५ वं कलम त्याला समजावून सांग. तो तीव्र ताणाखाली होता असंच कायदा गृहीत धरतो आणि त्याला शिक्षा होत नाही. हे बऱ्याच पोलिसांनाही माहीत नसतं.

झडतीत सुई टोचली, आरोपी चावला, असल्या गोष्टी अंमलदार सांगतच नाहीत. ‘साहेब ओरडतील’ म्हणून रुमाल बांधून ड्युटी करत राहतात. म्हणून हे रोल कॉलला जाऊन आधीच सांगायचं. जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, ताबडतोब या. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू व्हायला हवीत, नंतर २८ दिवस घ्यायची. हेपॅटायटिस बीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांचे, किती जणांचे पूर्ण झाले आहेत ते तपास. वाहतूक शाखेतल्यांची ऐकण्याची चाचणी नेमणुकीच्या सुरुवातीलाच करून ठेव, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

नोंदी का, तर २०२० ची करोनाची साथ आठव. एप्रिलमध्ये मुंबई पोलीस दलाने ५५ वर्षांवरच्या आणि आधीचा आजार असलेल्या ५२ वर्षांवरच्या कर्मचाऱ्यांना घरी थांबायला सांगितलं. ज्याने वर्षानुवर्षं शुगर लपवून ‘फिट’ घेतलं होतं, त्याच्या हातात त्या दिवशी दाखवायला काय होतं?

आता ताबडतोब करायचं काम. गणपती जवळ आले आहेत. विसर्जनाचा बंदोबस्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालतो. सकाळी मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेला किंवा इन्सुलिन टोचलेला अंमलदार उभा असतो आणि जेवणाचं पाकीट दुपारी चारला पोचतं. त्याची शुगर उतरते. घाम, थरथर, भलतंच बोलणं, आणि बघणाऱ्यांना वाटतं प्यायला आहे. अशा सगळ्यांची यादी कर, डॉक्टरांकडून बंदोबस्ताच्या दिवसांतली गोळीची वेळ ठरवून घे, प्रत्येकाच्या खिशात ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटाचा पुडा दे. त्याच्या शेजारी उभा राहणाऱ्या एकाला तरी, पेशंटला विचारून, लक्षणं शिकव. आणि उकाड्यात कोणी बरळायला लागला तर आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं, ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसायचं नाही. शुगर की ऊन, हे कळायला ग्लुकोमीटर बंदोबस्ताच्या गाडीत हवाच.

यादी किती जणांची झाली ते कळव. कफचं मागणीपत्र अडलं तर मसुदा मी लिहून पाठवते.

तुझी,
ताई