"त्याच्याकडे कोणी बघूच नये"

मार्च उजाडला की फोन सुरू होतात. "मॅडम, भाजलेल्या मुलांचं शिबिर आहे म्हणे मे महिन्यात. पाठवू का? तिथं बाकीच्यांचे डाग बघून आमचं पोर अजून खचलं तर?" अमेरिकेत अशी शिबिरं १९८० च्या दशकापासून भरतात. आपल्याकडे तुरळक, म्हणून पालक बिचकतात. यंदा पाचव्यांदा हेच ऐकलं आणि सोहमची आई आठवली. (नाव अर्थातच बदललंय.)

सोहम नऊ वर्षांचा. अंघोळीच्या कढत पाण्याची बादली अंगावर आलेली. मान, खांदा, उजवा हात. जखमा भरल्या होत्या, प्रेशर गारमेंट (डाग जाड होऊ नयेत म्हणून घालायचा घट्ट कपडा) चालू होतं. दीड वर्षात ना लग्न, ना वाढदिवस. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट.

"त्याच्याकडे कोणी बघूच नये, एवढंच वाटतं," आई म्हणाली.

"बघितलं तर काय होईल?"

"विचारतील."

"काय?"

ती पर्सची चेन उघडत-मिटत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "की आई कुठे होती."

मी समुपदेशक, तीही मनातले 'असंच हवं' हे हट्ट तपासायला शिकवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली, वाक्यातला 'च' मला आधी टोचतो. 'बघूच नये' हा हट्ट जगाने आजवर कोणाचा पुरवलेला नाही. पण त्या दिवशी उमगलं ते वेगळं. इतके आठवडे मी मुलाची भीती घालवायला बसले होते आणि भीती होती आईची. तिचा चेहरा पडला की सोहम बाही खाली ओढायचा. हे सहाव्या भेटीत दिसलं. उशिराच, पण दिसलं.

पुढे आम्ही तिघांनी एकच उत्तर घोटलं : "गरम पाणी सांडलं होतं. आता बरं आहे." सोहम दोन दिवसांत सराईत झाला. आईला महिना लागला.

शिबिराहून आल्यावर त्याने आधी काय सांगावं? रात्री सगळ्यांनाच खाज सुटायची, म्हणून पोरांनी स्पर्धा लावली, कोणाची खाज जास्त! भुईनळ्याने भाजलेली एक ताई पहिली. "माझा तिसरा नंबर, मॅडम!" ज्या खाजेपायी तो दीड वर्ष रात्री एकटा रडायचा, तिच्यात नंबर. माझ्या खोलीत बसून हे मी त्याला कधीच देऊ शकले नसते.

तर पाठवा. फक्त त्याआधी घरात डागांचा विषय नक्की कोण टाळतंय ते बघा. जखमा पुरत्या भरल्यात ना, हे सर्जनना विचारा. दुपारी मुलं कुठे असतात, हे आयोजकांना खोदून विचारा, कारण कातडी लावलेल्या भागाला नीट घाम येत नाही, अंग पटकन तापतं. गारमेंट साधारण २३ तास घालायचं असतं, तेव्हा दोन जोड द्या, एक धुवायला. आणि तासातासाला फोन करू नका हो.

परवा सोहमची आई त्याला घेऊन भाच्याच्या मुंजीला गेली होती. एका आजींनी विचारलंच. "गरम पाणी सांडलं होतं. बादली मीच ठेवली होती," ती म्हणाली, आणि पंगतीत मठ्ठा वाढायला गेली.