हिरवा शेंबूड आणि उरलेलं अँटिबायोटिक

तीन वर्षांचा मुलगा नुकताच पाळणाघरात जायला लागलाय, जूनपासून त्याची ही चौथी सर्दी, घरात मधुमेह असलेल्या सासूबाई. आता शेंबूड हिरवा झाला म्हणून मागचं उरलेलं अँटिबायोटिक देऊ का, असं विचारलंयत.

अजिबात नको. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा. साध्या सर्दीतही येतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. चौथ्या सर्दीनेही घाबरू नका. सर्दी करणाऱ्या विषाणूंपैकी एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार आहेत. पाळणाघरातल्या मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होतेच. प्रतिकारशक्तीच्या टॉनिकांवर तर पैसे घालवूच नका.

रंग सोडा, श्वास बघा. मूल शांत झोपलं की सदरा वर करून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वरखाली होतं ते मोजा. या वयात ४० किंवा जास्त भरलं, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसले किंवा पोरगं पाणीही घेईना, तर सकाळची वाट बघू नका. नुसता खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

मला जास्त काळजी वाटते ती सासूबाईंची, मधुमेहात फ्लू जड जाऊ शकतो. पुण्यात फ्लू पावसाळ्यात उसळतो, थंडी सरताना पुन्हा डोकं काढतो. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी इथेच घेतला; त्याचाच विषाणू, एच१एन१, आता नेहमीच्या फ्लूत मुरलाय. विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी. पावसाआधी घेतलेली उत्तम, राहिली असेल तर आत्ता घ्या. संरक्षण यायला दोन आठवडे जातात. मुलाला पहिल्यांदाच देणार असाल तर महिन्याच्या अंतराने दोन डोस. (लस फ्लूची आहे, सर्दीची नाही. नंतर नाक गळलं म्हणून तिला बोल लावू नका!) सासूबाईंना ताप आलाच तर पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टर गाठा, फ्लूचं औषध तेव्हाच जास्त लागू पडतं.

सर्दी असेपर्यंत नातवाचं आजीच्या ताटात जेवणं आणि कुशीत झोपणं बंद. वाईट वाटेल दोघांनाही. हात साबणाने धुवा. पावसात खिडक्या लावून ओले कपडे घरात वाळत घालतो ना आपण, तेव्हाही एखादी खिडकी किलकिली ठेवा. उकळत्या पातेल्याची वाफ मुलाला देऊ नका, भाजण्याचा धोका असतो. नाकात सलाइनचे थेंब पुरतात. आणि पाळणाघरात पाठवायचं ते औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही तरच.