संदर्भशोध नव्याने सुरू करताना

वसमतच्या हळदीतील कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारे संयुग) हा संशोधनासाठी विषय चांगला आहे; मात्र नुसते ‘हळद’ असे शोधल्यास पाककृतींपासून शेतीपर्यंत सगळेच हाती लागेल. पबकेम या रसायनांच्या माहितीसंचावरून, जो विनामूल्य आहे, संयुगाची पर्यायी नावे आणि सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक (४५८-३७-७), शोधासाठी टिपून घ्या. मग एखादा अलीकडचा रिव्ह्यू पेपर (विषयातील आजवरच्या संशोधनाचा आढावा) नीट वाचा: त्याची संदर्भसूची मागचे संशोधन दाखवते, तर गूगल स्कॉलर या शोधयंत्रातील ‘सायटेड बाय’, म्हणजे त्या पेपरचा संदर्भ देणाऱ्या पेपरांची यादी, पुढचे.

शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध जरूर चाळा, म्हणजे झालेलेच काम पुन्हा हाती घेतले जाणार नाही. नवखे लोक हटकून पीडीएफांचा ढीग साठवतात आणि वाचत काहीच नाहीत, ते टाळा. पेपरसाठी पदरचे पैसे घालू नका. आधी ग्रंथपालांना विचारा, कारण २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे शासकीय विद्यापीठांत बरीच नियतकालिके खुली झाली आहेत. सायफाइंडर या रसायनशास्त्राच्या माहितीसंचात रेणूची रचना काढून शोधणे तूर्त राहू द्या.