एटीआरची ऑफर घ्यावी का? वेंगुर्ल्याच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाने बारामतीला उड्डाणाचे दोनशे तास भरून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स काढलं, दीड वर्ष घरी बसला, आणि आता एका छोट्या प्रादेशिक कंपनीने त्याला एटीआर या पंख्याच्या प्रवासी विमानासाठी बोलावलंय. बाबांनी हापूसची बाग बँकेकडे गहाण टाकलेली. त्यांचं म्हणणं, एवढे पैसे घालून पंख्याचं विमान कशाला चालवायचं, एअरबसवाल्यांची भरती निघेपर्यंत थांब.

मी एटीआरवर चौदा वर्षं काढली, त्यातली आठ डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर. माझ्या मते जाऊ दे त्याला. फक्त सही करण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यायची, ती पुढे सांगतो.

आधी बाबांचा पंखा. तो बाहेर दिसतो, पण त्याला फिरवणारं इंजिन टर्बाइनच असतं, जेटचं सख्खं भावंड. एटीआर ७२ मध्ये सत्तरेक माणसं बसतात, वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि छोट्या पल्ल्यावर जेटपेक्षा इंधन बरंच कमी लागतं. म्हणून तर २७ एप्रिल २०१७ ला छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतलं पहिलं विमान शिमल्याहून दिल्लीला निघालं ते एटीआर होतं. ९ ऑक्टोबर २०२१ ला आपला सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ सुरू झाला तेव्हा मुंबईहून आलं तेही एटीआरच. गोव्याची फ्लाय९१ ही कंपनी तर २०२४ पासून याच विमानांवर चालते.

आता शिकण्याचं. जेटवरचा नवखा दिल्ली-कोची करतो तेव्हा तीन तासांत एक उड्डाण, एक उतरणं. आमच्याकडे दिवसाला चार-चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं आणि चार उतरणी पडतात. हात बसतो तो असाच. शिवाय जेट ढगांच्या वरून जातं, आम्ही पंधरा-वीस हजार फुटांवर ढगाच्या पोटातूनच जातो. पंखांवर बर्फ कसा धरतो आणि तो वेळेत कसा झाडायचा, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि रात्री खिडकीतून टॉर्च मारून बघणं वेगळं.

आणि आपला पाऊस! चिपीची धावपट्टी चांगली अडीच किलोमीटर आहे, पण आहे सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच पठारावर. जुलैत समुद्रावरून ढग आला की थेट सड्यावरच टेकतो. एकदा उतरताना माझ्या शेजारी जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी रिलीज झालेला, म्हणजे ट्रेनरशिवाय उडायला मोकळा झालेला मुलगा होता. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली आलो, समोर नुसतं पांढरं. माझ्याआधी तोच म्हणाला, "गो-अराउंड, सर." म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. दोघांपैकी कोणीही म्हटलं की वर उचलायचं, वाद नाही. शेवटी गोव्याला उतरलो. दारात एक मालवणचे आजोबा थांबून म्हणाले, "कॅप्टनानू, माका खिडकीतसून माझे माड दिसले, तुमका धावपट्टी दिसाक नाय?" आजोबा खोटं बोलत नव्हते. सरळ खाली बघितलं तर दिसतं, समोर तिरकं बघितलं तर दिसत नाही, पावसाळी ढगाचं असंच असतं. त्या मुलाला हे दोनशे-अडीचशे तासांतच कळलं.

आता मुद्द्याचं. ऑफर आली म्हणजे लगेच उडायला मिळतं असं नाही. आधी टाइप रेटिंगचे, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानाच्या परवान्याचे वर्ग, मग सिम्युलेटर, मग रिकामं विमान घेऊन उड्डाण-उतरणं, मग ट्रेनर कॅप्टनबरोबर प्रवासी घेऊन लाइन ट्रेनिंग, आणि शेवटी रिलीज चेक. घोडं अडतं ते लाइन ट्रेनिंगला. पाच-सहा विमानांच्या कंपनीत ट्रेनर असतात मोजके. त्यातला एखादा जेट विमानांच्या कंपनीत गेला किंवा विमान सुट्या भागासाठी उभं राहिलं, की पोरं महिनोन्‌महिने स्टायपेंडवर घरी. माझ्याच पहिल्या कंपनीत मी सात महिने असा बसलो होतो आणि बाँड, म्हणजे ठरावीक काळ कंपनी न सोडण्याचा करार, मात्र रिलीजच्या दिवसापासून मोजला गेला. म्हणून भावाने विचारायचं ते हे: आज ट्रेनर कॅप्टन किती आहेत, माझ्यापुढे रिलीजच्या रांगेत किती जण आहेत आणि बाँड कोणत्या तारखेपासून सुरू होतो? उत्तर कागदावर घ्यायचं. एचआरवाले तोंडी काय वाट्टेल ते सांगतात.

नोकरी सोडतानाच्या नोटीसचंही ध्यानात असू दे. डीजीसीए या सरकारी विमान नियामकाच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे फर्स्ट ऑफिसरला (उजव्या सीटवरच्या सहवैमानिकाला) सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष. ती बाँडपेक्षा वेगळी.

पुढची वाट अशी. कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्याला एकूण १५०० तास. वर्षाला हजार तासांच्या वर उडता येत नाही, प्रत्यक्षात सहाशे-सातशे झाले तरी रोस्टर बरं म्हणायचं. म्हणजे रिलीजनंतर दोन वर्षांत तास भरतील, पण कमांडसाठी, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी, कंपनीची स्वतःची अट आणि चेक वेगळे. यूट्यूबवर अमेरिकेचे व्हिडिओ बघून तो गोंधळला असेल तर सांगा, २००९ च्या बफेलो शहराजवळच्या विमान अपघातानंतर तिथे नियम कडक झाले आणि २०१३ पासून उजव्या सीटलाही साधारण १५०० तास लागतात. आपल्याकडे दोनशेवर बसायला मिळतं, हे भाग्यच समजायचं.

एक तोटा लपवत नाही. चार वर्षांनी जेटकडे गेला तर नवं टाइप रेटिंग आणि ज्येष्ठतेच्या यादीत तळाला. एटीआरचा कॅप्टन तिकडे बहुधा पुन्हा उजवीकडेच बसतो. माझे दोन मित्र गेले, एक खूश आहे, दुसरा अजून कुरकुरतो. पण बाबांना "मोठी कंपनी म्हणजे पक्की" वाटत असेल तर जेट एअरवेज एप्रिल २०१९ ला आणि गो फर्स्ट मे २०२३ ला थांबली, एवढं आठवण करून द्या.

आणि ताई, बाकी सगळं राहू दे, दीड वर्ष घरी बसलाय म्हणता, तर क्लास वन मेडिकल (वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर काही न दिसता उपकरणांवर उडवण्याचा परवाना) चालू आहे का? दोन्ही वर्षाचीच असतात, आणि जॉइनिंगच्या तोंडावर संपलेली निघाली तर जागा दुसऱ्याला जाते. तारखा बघून इथेच कळवा.